बापूंच्या वहीतल्या रिकाम्या ओळी

बावीस वर्षं मी एकच काम केलं आणि ते काय काम आहे हे घरात, गल्लीत, पाहुण्यांत एकालाही धड सांगता आलं नाही. आई सांगायची, "कॉम्प्युटरात हाय." शेजारच्या काकूंची समजूत मी टायपिंग करते अशी होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या लग्नात मामांनी "इंजिनियर हाय" म्हणून विषय मिटवला. त्याचा परिणाम असा झाला, की मंडपातला पंखा बंद पडल्यावर मला, म्हणजे नवरीला, नव्या पांढऱ्या साडीतच बोलावणं आलं. पंखा मी चालू करून दिला, ती गोष्ट वेगळी.

तर एकदाचं सांगून टाकते. मी असेंब्लर लिहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकटीनं, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून. आणि तो चांगला होता. उगीच विनय दाखवायचं माझं वय आता राहिलं नाही.

असेंब्लर म्हणजे काय ते ऐका, अवघड काही नाही. यंत्रात जी चिप असते तिला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा दिला की ती बेरीज करते, तमुक दिला की दिवा लावते. असे दोन-अडीचशे आकडे असतात आणि ते लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून प्रत्येक हुकमाला तीन-चार अक्षरी नाव दिलेलं असतं. आपण नावं लिहायची आणि त्यांचे आकडे करायचं काम ज्या प्रोग्रामवर सोपवायचं, तो असेंब्लर. वरवर बघितलं तर कारकुनी काम. खोच आहे ती 'उडी मार' या हुकमात. 'पुढं धागा तुटला असं लिहिलंय तिथं उडी मार' असं आपण लिहितो, पण ते 'तिथं' कितव्या जागेवर येणार हे अजून ठरलेलंच नसतं. मग सगळं दोनदा वाचावं लागतं. नवीन चाळीत पहिल्या फेरीत दारांवर नंबर टाकायचे आणि दुसऱ्या फेरीत पाकिटांवर पत्ते घालायचे, तसं. एवढंच ते. पण एक नंबर चुकला तर पुढचं सगळं टपाल भलत्या घरात.

मी मलकापूरची. वडील एस.टी.त मेकॅनिक. डिप्लोमा झाला आणि नव्वदीच्या सुरुवातीला मी अण्णांच्या कारखान्यात लागले. अण्णा म्हणजे आमचे मालक, जैन शेतकरी घरातले, तोंडानं फटकळ आणि हिशेबाला पक्के. आम्ही इलेक्ट्रॉनिक पेट्या बनवायचो. कुणाच्या भट्टीचं तापमान सांभाळणारी, कुणाचा पंप बंद करणारी. पण सगळ्यांत जास्त खपायची ती यंत्रमागाची पेटी. मागावर कापड विणताना धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि आपल्यामागं आडवा धागा सोडत जातो. तो धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला तर कापडात पट्टा पडतो, माल वाया. आमची पेटी दर फेरीला धागा आला का बघायची आणि नसला तर माग थांबवायची. इचलकरंजी, कबनूर या बाजूला शेकड्यानं लागलेल्या होत्या.

या पेट्यांचं डोकं होतं बापूंचं. बापू सुतार. शिक्षण दहावीपर्यंत, आधी रेडिओ दुरुस्ती, मग अण्णांकडं. बापू असेंब्लर वापरायचे नाहीत. ते स्वतःच असेंब्लर होते. शंभर पानी वही, शिसपेन्सिल, डाव्या रकान्यात जागेचा नंबर, मधे आकडा, उजवीकडं हुकमाचं नाव. सगळे आकडे पाठ. वही पुरी झाली की एकेक आकडा बटनं दाबून चिपमध्ये भरायचे. चूक झाली तर चिप जांभळ्या दिव्याखाली अर्धा तास ठेवून पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना एकदाही चिडलेलं बघितलं नाही.

बापूंच्या वहीत एक गंमत होती. प्रोग्रामचा एक भाग संपला की आठ ओळी 'काही करू नको, पुढं जा' या हुकमाच्या. असा एक हुकूम खरोखरच असतो. मी नवीन असताना त्यांना विचारलं, की बापू, या कशाला? ते म्हणाले, "पावणं आलं तर बसाय जागा नको व्हय?" म्हणजे उद्या मधे चार हुकूम घालायचे झाले तर खालचं सगळं सरकतं, प्रत्येक उडीचा पत्ता बदलतो आणि आख्खी वही नव्यानं लिहावी लागते. म्हणून आधीच मोकळी जागा सोडलेली. मला ते फार आवडलं. आवडलं आणि मी पुढं काही विचारलं नाही.

असेंब्लर बाजारात विकत मिळायचा. अण्णांनी मुंबईहून एक आणला होता. कॉम्प्युटरच्या पाठीमागं एक कुलपाचा तुकडा लावला तरच तो चालायचा. एकदा लाईट जोरात आली आणि ते कुलूप जळालं. विकणारा म्हणाला, नवीन घ्या. अण्णा म्हणाले ते इथं छापता येणार नाही. मी त्यांच्या टेबलाशी उभी होते, तोंडातून निघून गेलं की मी लिहिते. किती दिवस लागतील म्हणाले. दोन महिने म्हणाले मी. सात लागले.

त्या सात महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं सगळ्या डिप्लोम्यात शिकले नव्हते. विकतच्या असेंब्लरची मला सगळ्यांत चीड यायची ती त्याच्या बोलण्याची. चूक झाली की नुसता एक नंबर सांगायचा, पुस्तकात बघा म्हणून. मी ठरवलं की माझा असेंब्लर माणसासारखा बोलेल. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या भाषेत. 'ओळ बेचाळीस: हे नाव कुठं लिवलंय? सापडंना.' 'ओळ नव्वद: उडी लई लांबची हाय, पोचणार न्हाय.' बापूंनी पहिल्यांदा पडद्यावर हे वाचलं आणि चष्मा काढून पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, कारकून बरा ठेवलायस. तेव्हापासून कारखान्यात त्याचं नाव कारकूनच पडलं.

कारकून पसरत गेला. उद्यमनगरातले, शिरोलीचे लोक फ्लॉपी घेऊन यायचे. त्यातला सगळ्यांत वल्ली माणूस म्हणजे राजू लाईटवाला. गणपतीत मंडळांसमोर दिव्यांचे मोर, चक्रं, कमळं फिरवायचं त्याचं काम. शाळा आठवीत सोडलेली, पण चिप कशी चालते हे या माणसानं माझ्या शेजारी स्टूल टाकून पंधरा दिवसांत शिकून घेतलं. त्याचा प्रोग्राम म्हणजे हजारभर ओळी नुसत्या लाव आणि विझव. त्यानं कारकुनाची पार दैना केली. कारकून नावाची पहिली सहाच अक्षरं लक्षात ठेवायचा आणि याची नावं मोरपिसाराएक, मोरपिसारादोन अशी लांबलचक. कारकुनाला दोन्ही एकच वाटायची. दोन्ही मोर एकसारखे नाचायला लागले आणि राजू भांडायला आला. मी नावाची लांबी वाढवली, यादी मोठी केली, शोधायची पद्धत बदलली. कबूल करते, कारकून सुधारला तो निम्मा राजूच्या शिव्यांनी.

बापूंच्या सगळ्या वह्याही मी एकेक करून कॉम्प्युटरात चढवल्या. तीन रकाने बघायचे आणि टाईप करायचे. बापू लांबून बघायचे, काही बोलायचे नाहीत. त्यांना वाईट वाटत असणार, पण मला तेव्हा माझ्याच कौतुकातून सवड नव्हती.

आता मूळ गोष्ट. कारकुनाला पाच-सहा वर्षं झाली असतील. मागवाल्या मालकांची मागणी आली, की पेटीनं नुसता माग थांबवू नये, दिवसात किती विणलं तेही मोजून दाखवावं. मोजायचं म्हणजे प्रोग्राम वाढणार आणि चिप तर काठोकाठ भरलेली. मोठी चिप घ्यायला अण्णा तयार नाहीत. मग माझ्या डोक्यात आलं, की बापूंच्या पाहुण्यांच्या जागा अजून तशाच आहेत. आता कारकून असताना त्यांची गरज काय? मधे काही घातलं तर पत्ते तो आपोआप बदलतो. मी कारकुनाला नवी विद्या शिकवली. 'दाबून बसव' असं सांगितलं की तो सगळ्या रिकाम्या ओळी काढून टाकायचा आणि बाकीचं एकमेकांना चिकटवून बसवायचा. चिपमध्ये एवढी जागा झाली की मोजणी बसवून वर उरली. अण्णांनी सगळ्या कारखान्याला भडंग वाटला. मी तर हवेतच होते.

तपासणी नीट केली होती बरं का. कारखान्यात मोटरवर चाक लावून आम्ही खोटा माग केलेला होता. त्यावर तीन दिवस पेटी चालवली, एकदाही चुकली नाही. मग पहिल्या चोवीस पेट्या कबनूरच्या एका कारखान्यात बसवल्या.

आठवड्यात तिथल्या मालकाचा फोन. वीस माग झकास, चार माग विनाकारण थांबतात. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा तरी. धागा शाबूत आणि माग बंद. ते चारही माग एकाच माणसाकडं होते, दस्तगीर मुल्लांकडं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कारखाना निघाला त्या दिवसापासून कामाला. मालकाला संशय असा, की पेटी आता काम मोजते ते म्हाताऱ्याला खुपतंय आणि तो मुद्दाम हात लावून माग थांबवतोय.

मी गेले. मागांच्या शेडमध्ये तुम्ही कधी गेला नसाल तर सांगते, तिथं शेजारच्याच्या कानात ओरडलं तरच ऐकू जातं. मी दस्तगीरचाचांच्या मागावरची पेटी काढून शेजारच्या मागावर लावली. तासभर चालली, एकदाही थांबली नाही. शेजारची पेटी चाचांच्या मागावर लावली. ती थांबायला लागली. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय निघतो? पेट्या चांगल्या. दोष मागात, नाहीतर माणसात. मागाचं काम बघणारा जॉबर म्हणाला, माग ठणठणीत आहेत.

चाचा माझ्याजवळ आले आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "ताई, धोटा पोचायच्या आदी बघतीया तुमची पेटी. घाई करतीया."

मी हसले. हसले हे मला चांगलं आठवतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "चाचा, पेटीला घाई नसते. तिला जेवढं थांब म्हणून सांगितलंय तेवढंच ती थांबते."

मालकानं लेखी मागितलं. मी तिथंच टेबलावर लिहिलं, 'चारही पेट्या तपासल्या. पेट्यांमध्ये कोणताही दोष नाही.' खाली झोकात सही. जीपमध्ये बसून परत येताना रस्त्यात उसाचा रस प्याले, मनावर काही ओझं नव्हतं.

चार दिवसांनी कळलं, की मालकानं तो कागद दाखवून दस्तगीरचाचांना घरी घालवलं. त्यांच्या जागी नवा कामगार आला आणि त्याच्या हातात ते चारही माग एकदाही थांबले नाहीत. झालं, शिक्कामोर्तब. मला ऐकून जरा चुटपुट लागली, खोटं कशाला सांगू, पण माझा असेंब्लर बरोबर निघाला याचं समाधान त्याहून मोठं होतं.

मग गणपतीच्या तोंडावर एके दिवशी राजू लाईटवाला तणतणत आला. नवा कारकून वापरून त्यानं प्रोग्राम केला होता, 'दाबून बसव' सांगून. म्हणाला, माझा मोर पळाय लागलाय. पिसारा डौलात उघडायच्या ऐवजी फाडकन उघडतोय आणि फाडकन मिटतोय. मी त्याला वेड्यात काढलं. त्यानं प्रोग्राम पुढं टाकला. बघितलं तर दोन दिव्यांच्या मधे त्यानं चार रिकामे हुकूम टाकलेले आणि तेवढा भाग हजारो वेळा फिरवलेला. कशाला टाकलेस हे? तर म्हणाला, "थांबाय. रिकामा हुकूम वाचाय बी येळ लागतोच की."

मी प्रोग्राम पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. एक रिकामी ओळ वाचायला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. पण तीच ओळ फेऱ्यात घालून हजारो वेळा फिरवली तर त्यातून थांबणं तयार होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. माझ्या डोक्यात बापूंच्या रिकाम्या ओळी म्हणजे पाहुण्यांच्या जागा, असं एकदा बसलं होतं ते बसलं होतं.

बापूंकडं गेले. त्यांनी मागाच्या पेटीची जुनी वही काढली. बहुतेक रिकाम्या ओळींपुढं काही नव्हतं. पण दोन ठिकाणी, उजव्या कडेला, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीची बारीक उभी रेघ होती. ती रेघ मी टाईप करताना बघितलेली होती आणि पसारा म्हणून सोडून दिलेली होती.

बापू म्हणाले, "पावण्यांच्या जागा येगळ्या आन थांबायच्या जागा येगळ्या. तू इचारलंस कुठं?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पहिली पेटी बापूंनी लावली होती ती दस्तगीरचाचांच्याच मागावर. धोटा निघाल्यापासून धागा बघेपर्यंत किती थांबायचं हे बापूंना ठरवता येईना. चाचा मागाजवळ उभे राहून आवाजावरून सांगत गेले, अजून थांबव, अजून थोडं, बास. त्या 'बास'वर बापूंनी वहीत रेघ मारली. ते थांबणं माझ्या कारकुनानं तिसऱ्या हिश्श्यावर आणलं होतं. नवे माग जलद चालतात, धोटा लवकर पोचतो, तिथं ते खपून गेलं. आमचा खोटा मागही जलदच होता. चाचांचे चार माग कारखान्यातले सगळ्यांत जुने, दमानं चालणारे. जुना माणूस म्हणून जुने माग त्यांच्याकडं. तिथं धोटा जरा रेंगाळला की पेटी तो पोचायच्या आधीच बघत होती. घाई करत होती.

कारकून मी दोन दिवसांत दुरुस्त केला. आता तो स्वतःहून एकही ओळ काढत नव्हता. फेऱ्यात अडकलेली रिकामी ओळ दिसली की विचारायचा: 'ओळ एकशे ऐंशी: हितं थांबायचं हाय का नुसतंच रिकामं हाय? बापूंना इचार.' ते वाक्य मी नंतर कधीच बदललं नाही. पुढं कारकुनाच्या प्रती पुण्याला गेल्या, बंगळूरला गेल्या आणि मला पत्रं यायला लागली, की हे बापू कोण आणि त्यांना कुठं विचारायचं. दोन हजार सालानंतरही कितीतरी वर्षं कारकून चालला. नंतर चिपा मोठ्या झाल्या, लोक वरच्या भाषेत लिहायला लागले. पण तोपर्यंत त्यानं बिनचूक काम केलं, हे मी कुणाही समोर छातीवर हात ठेवून सांगेन.

दुरुस्त केलेल्या चोवीस चिपा तयार झाल्या तशा अण्णांनी मला आत बोलावलं. त्यांचा बेत साधा होता. कबनूरला जायचं, सुधारित चिप आलीय म्हणून बदलून द्यायच्या, गप परत यायचं. चूक आमची होती हे एका मालकाला कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कबनूरला कळेल आणि बाकीच्या पेट्या परत येतील. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पंधरा माणसांचं पोट त्या पेट्यांवर होतं, माझंही होतं. मी म्हणाले, अण्णा, त्या माणसाला माझ्या सहीनं घालवलंय. अण्णांनी जीपची किल्ली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "जा. माझं तोंड बघू नको, जा."

मी आधी कारखान्यात गेले नाही, चाचांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात शेळी. चाचा बाजेवर बसून एका खुर्चीची नायलॉनची पट्टी विणत होते. मी सगळं सांगितलं. पेटी घाई करत होती, ती घाई मी तिला शिकवली आणि तुम्ही सांगितल्यावर मी हसले. मला रडू येत होतं. रडले मात्र नाही, कारण त्यांच्यापुढं रडायचा मला काय हक्क होता? त्यांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हात चालूच. म्हणाले, मालकाला सांगा. मी म्हणाले, सांगते, आत्ता सांगते, तुम्हाला काम परत मिळेल. तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"नुस्तं मालकाला सांगून काय हुतंय, ताई? मला मोटारी बंद करून, सगळ्यांच्या म्होरं चोर म्हणून घालवलंय. धा वर्सं माझ्या हाताखाली शिकलेली पोरं हुती तितं."

मी वहीचा कागद फाडला आणि त्यांच्या बाजेच्या कडेवरच लिहिला. मग आम्ही दोघं जीपमध्ये बसून कारखान्यात गेलो.

मालक आधी ऐकेनात. नव्या माणसाच्या हातात माग थांबत नाहीत, मग पेटीचा दोष कसला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना घेऊन त्या चार मागांजवळ गेले. पेट्यांवर दिवे लागलेले, पण मागं हात घातला तर माग थांबवणाऱ्या चारही वायरी काढून लोंबत सोडलेल्या. नवा कामगार खाली बघायला लागला. सारखा माग थांबतोय म्हटल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी त्या उपसल्या होत्या. मग मी मोटारी बंद करायला सांगितल्या. भर दिवसा, चालू पाळीत चोवीस माग बंद करायचे म्हणजे मालकाच्या जिवावर आलं. त्यांनी एकदा चाचांकडं बघितलं आणि स्वतः जाऊन मुख्य खटका ओढला.

त्या शेडमध्ये शांतता कशी असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माणसं मागांच्या मधनं पुढं आली. बारा-पंधरा जणं असतील. मी ओरडून बोलायच्या तयारीत होते आणि ओरडायची गरजच नव्हती. कागद धरून वाचलं: "मी, सुनीता कांबळे. दस्तगीर मुल्ला यांच्या चार मागांवरच्या पेट्यांत दोष होता. तो माझ्या कामामुळं आला. दस्तगीर मुल्ला यांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी ऐकलं नाही. आधीच्या कागदावरची माझी सही चुकीची आहे."

मी कागद चाचांच्या पुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "ऐकलं समद्यांनी."

मी खाली बसून चारही पेट्यांत नव्या चिपा घातल्या, वायरी जोडल्या. चाचांनी तोवर पहिल्या मागावरचा धोटा उचलून बघितला, त्याच्या पोटातल्या कांडीवरचा धागा ओढून ताण बघितला, फडक्यानं लाकूड पुसलं. धोटा जागेवर ठेवून ते ताठ उभे राहिले आणि मालकाला म्हणाले, "लावा."

मालकांनी खटका वर केला.